मस्कत सव्वा तासावर

“सव्वा तास? सव्वा तासात ढाणकीची एस्टी पुसदले पोचत नाही, अन् हा चालला मस्कतले कामाले!”

वर्षा साऱ्या पोरींसमोर हसली. असा राग आला मले… हातातली बोरीची फांदी मी गदागदा हालवली. तिजेच्या सनाले आमच्या बंजारा तांड्यात हे असतेच. कुवाऱ्या पोरी बोरीच्या काट्यात भिजवलेले चने टोचतात, अन् पोरं फांदी हालवून त्यायले सतावतात.

वर्षा आमच्या शेजारच्या शकुबाईची भाची, सनाले पाहुनी आलती. आठ दिवसापासून पाह्यतो तिले. चिडली का डावी भुवई वर जाते — डावीच फक्त!

“तिकिटावर हाय ना!” मी मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. “मुंबईहून दहाले उडते, सव्वाअकराले मस्कतले उतरते. बारावी सोडली म्हून काय हिशोब येत नाही मले?”

“येडपट! तिकडची घडी आपल्या दीड तास मांगं असते. पावनेतीन तास लागतात. सोळाशे किलोमीटर हाय जवळपास.”

“तुले कसं मालूम?”

“पाह्यलं… मोबाईलवर.”

“कायले पाह्यलं?”

“असंच.”

“असंच कोनी मस्कत पाह्यते काय?”

तिच्या केसावर भुरभुर पाऊस, कान लाल-लाल. माहा राग कुठं गेला, काय माहीत! तिनं चना टोचला, मी फांदी हालवली, या बारीले हळूच. तरी काटा लागलाच.

“याडी ये!” आईच्या नावानं वरडली ती.

मी तिचं बोट धरलं. पोरी चिरकल्या. मी सोडलं नाही.

“दिग्रसचं स्थळ आलं हाय,” ती हळूच म्हने. “बापू हो म्हनून राह्यले.”

“अन् तू?”

“मी काहून बोलू? ज्यानं बोलावं, तो तर इमानात बसून चालला.”

डोकं सटकलं माहं.

“शकुमावशी!” मी अख्ख्या तांड्यासमोर वरडलो. “हिच्या घरी सांगा, दिग्रसवाल्याले नाही म्हना! मी आज एकोनीसचा हाय. दोन वर्सानं एकवीसचा होऊन येतो, अन् लगन करतो तं हिच्यासंगच!”

पोरी एकमेकीले कोपरानं ढोसू लागल्या.

शकुबाई कमरेवर हात ठेवून उभी. “तुहं समजलं रे, तोंडाळा. पोरगी काय म्हनते?”

वर्षानं माहा हात सोडवला… अन् दोन्ही हातानं परत धरला. डावी भुवई गेली वर.

“दोन वर्सं म्हंजे दोनच! एक दिवस जास्त झाला ना लखन, तं मी तिकडं येऊन कान धरून आनीन तुले!”

अरे देवा… मले नाचावं वाटून राह्यलं, अन् तिकडं मले पुसदले सोडनारा उत्तमसिंगकाका जीपचा हॉर्न दाबूनच बसला! थांबा ना काका, अजून मी तिले एक शब्द… नाही थांबत तो. गाडी हालली, मी धावत जाऊन चढलो.

चाललो मी. मले निंघाच लागते.