पाणी प्यालेलं बी

“भिया, व्यापाऱ्यानं मेलेलं बी खपवलंय! पक्का!” मंजुषालाही ‘भिया’च म्हणणाऱ्या शेजारच्या विजयनं उजाड वाफ्याकडे बोट दाखवलं.

“हळू बोल ना! बाबा ऐकतील,” मंजुषा म्हणाली.

परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडल्यावर तिचे बाबा, दिवाकरराव, वसुंधरा मॅडमच्या महू रोडवरच्या नर्सरीत लागले होते. निवडुंगाच्या लाल फळांचं सरबत बाटल्यांत भरून विकायचा मॅडमचा बेत होता. त्यासाठी बियांपासून रोपं करायचं काम बाबांकडे होतं. सुट्टी संपता संपता मॅडम वाफे बघायला येणार होत्या. तोवर उगवलं नाही तर नोकरी जाणार आणि बिऱ्हाड जळगावला काकांच्या दारी! घरात कुणी हे बोलत नव्हतं. पण आई हल्ली भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

“ताई, इकडे देख!” धाकटा आशिष शेडमधून ओरडला. “पातेल्यात सोड्याचा वास येतोय!”

तळाशी दोन-चार बिया चिकटल्या होत्या. मंजुषा पातेल्यावर वाकली. हा वास तिच्या चांगलाच ओळखीचा होता. मिलच्या ब्लीचिंग खात्यातून आलेल्या बाबांच्या शर्टाला तो रोज असायचा. कोरं कापड पाण्यावर तरंगतं, सोड्यात उकळलं की मगच पाणी पितं, हे बाबा अभिमानानं सांगायचे. निवडुंगाचं बी तर दगडासारखं कडक! बाबांनी तेही सोड्यात उकळलं होतं.

“पण न उकळता ते पाणी पिणार कसं?” विजयनं विचारलं.

“बघूया की!”

विजयचे मामा सराफ होते. त्यांच्या काट्यावर पोरांनी पोत्यातल्या कच्च्या बिया तोलल्या, भिजवल्या, पुसून पुन्हा तोलल्या. पारडं खाली गेलं!

“प्याल्या यार!” आशिष नाचला.

उकळलेल्या बियाही तशाच भिजवल्या, तर त्यांचं पारडंही खाली गेलं. सगळे गोंधळले. मग विजयनं अडकित्त्यानं दोन्ही फोडल्या. कच्ची आतून पांढरी, टणक होती. उकळलेली पिचपिचीत.

“म्हणजे मेलेलं बीसुद्धा पाणी पितं,” मंजुषा हळूच म्हणाली. “नुसतं उगवत नाही.”

कच्च्या बिया त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून उबेला ठेवल्या. रोज पाणी शिंपडायचं, रोज निराश व्हायचं. मॅडम यायच्या आदल्या दिवशी मात्र गोणपाटात हिरवा कोंब वाकून बसलेला दिसला! मागोमाग आणखी काही. विजयनं उडीच मारली. मंजुषाला मात्र रडू फुटलं, कारण आता बाबांना सांगावं लागणार होतं.

बाबांनी कोंब पाहिले, पातेलं पाहिलं, आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि रिकामे वाफे बघून तणतणल्या. “त्या व्यापाऱ्याला सोडणार नाही मी!”

“व्यापारी निर्दोष आहे, मॅडम,” बाबा खाली बघत म्हणाले. “बी मी उकळून मारलं. हे पोरांनी शोधलं.”

मॅडम वाट्टेल ते बोलल्या. मंजुषाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं! मग मॅडमची नजर कोंबांवर गेली, आणि त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

“शाबास पोरांनो!” त्या म्हणाल्या. “अर्धं पोतं शिल्लक आहे, दिवाकरराव. आता काय करायचं ते मुलीला विचारून करा.”

शाबासकी मिळाली, पण मंजुषाला ती गोड लागेना. ज्यांना मिलमधलं अख्खं खातं विचारून काम करायचं, ते बाबा वाफ्याशी उकिडवे बसले.

“मंजू, किती खोल पेरायचं ग?”

तिनं बोटाचं अर्धं पेर दाखवलं. बाबांनी मान डोलावली आणि तेवढंच बोट मातीत घातलं.