पुसल्याची वेळ

हे घडलेलं आहे. ऐकीव नाही. मी तिथे होतो, आणि ‘y’ मीच दाबलं.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. रात्र नाही, सकाळचे साडेअकरा. कामशेतला माझ्या मावसभावाचा, अमृतचा, फोटो स्टुडिओ आहे. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

अमृत कॉम्प्युटर कधी नीट बंद करत नाही. बटण दाबून धरतो, गळा आवळल्यासारखं. मग पुढच्या वेळी सुरू होताना कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स आधी डिस्क तपासतं. कुठली फाइल जागेवर आहे, कुठली नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावतात. अमृत त्या वाचत नाही. तो दुकानाचा भाडेकरारही वाचत नाही.

कान्हे गावच्या धोंडाबाई बाकावर बसल्या होत्या. नवरा रखमाजी तळेगावला दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. फॉर्मला त्यांचा फोटो हवा होता. तो या कॉम्प्युटरमध्ये होता.

“आबा कसे आहेत, मावशी?” अमृतने त्यांना विचारलं.

“बरं हायती. सकाळी मलाच म्हनले, जेवलीस का.”

आणि स्क्रीनवर चाललेली तपासणी थांबली...

एकच ओळ. मी अमृतला अर्थ सांगितला. “एक फाइल पुसली गेलीय, पण पुसल्याची वेळ नोंदलेली नाही. दुरुस्त करू का, विचारतंय.”

“मग हो म्हण की. पंचांग बघतो का?”

मी y दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. सगळ्यांचे फोटो होते. रखमाजींचा नव्हता.

मी पुसलेल्या फाइलीची नोंद उघडली. तिथे आता वेळ होती...

११ ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

कॉम्प्युटरच्या घड्याळात पावणेबारा. भिंतीवरच्या घड्याळातही पावणेबारा.

मी ती नोंद खोडली. पुन्हा उघडली. चार वाजून दहा.

“सापडंना व्हय?” धोंडाबाई म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या. मानूस हाय की. तितं येऊन दुसरा काढा.”

गेलो. दवाखान्यात रखमाजी उशीला टेकून बसले होते. अमृतने मागे चादर धरली, मी फोटो काढला.

“लगीन लावताय का काय माजं?” रखमाजी हसले.

साडेतीन. मी नर्सला म्हटलं, जरा बघा. तिने बघितलं. सगळं ठीक. डॉक्टरही आले. सगळं ठीक. याहून जास्त मी काय सांगणार होतो? कॉम्प्युटर म्हणतोय?

चारला रखमाजींनी पाणी मागितलं. धोंडाबाईंनी पाजलं. मी घड्याळाकडे बघत नव्हतो.

नर्स धावली तेव्हा बघितलं...

त्या दिवसापासून अमृतने कॉम्प्युटर बंद केलेला नाही. सुरूच राहिला तर तपासणी होणार नाही, एवढंच आम्हाला सुचलं. नीट बंद केला तरी होत नाही, हे मी लोकांना सांगत आलोय. पण बंद करायचं बटण मला दाबवत नाही.

काल मोबाइलवर मेसेज आला. गुरुवारी कामशेतला दिवसभर लाइट नसणार. स्टुडिओचा इन्व्हर्टर तीन तास टिकतो.

त्या डिस्कवर नऊ हजार माणसांचे फोटो आहेत. त्यात माझ्या मुलीचा एक आहे.