रिकामी रेहल

वनमालाने पाटोद्यात एका जुन्या पुस्तकाच्या छायाचित्रांची रंगीत छपाई करून घेतली, तिला पुठ्ठे लावले आणि गुरुवारी दुपारच्या एसटीने ती माहेरी निघाली. चित्रकला शिकवणाऱ्या बाईला असले उद्योग सुचायचेच. मांडीवरचं पुस्तक नकली होतं, तरी तिला कोण आनंद झाला होता.

अस्सल पुस्तक सातासमुद्रापार होतं. एका संग्रहालयाची छायाचित्रं मोबाइलवर चाळताना तिला ते दिसलं होतं. दख्खनमधल्या कुण्या कारागिराने बांधलेलं दुआंचं, म्हणजे प्रार्थनांचं पुस्तक, चामड्यावर सोनेरी वेल. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका राजाने ते नवलाईच्या वस्तूंच्या काचेच्या कपाटात ठेवलं, शहामृगाच्या अंड्यांशेजारी. आजही ते तिथेच होतं. वेलीतलं एकच फूल उलटं होतं, आणि तेच उलटं फूल वनमाला लहानपणापासून गावच्या दर्ग्यातल्या रेहलीवर कोरलेलं बघत आली होती.

रेहल म्हणजे ग्रंथ ठेवायची लाकडी घोडी. हिच्यावर ग्रंथ कुणी पाहिलाच नव्हता. दर्ग्याची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या वनमालाच्या घराकडे, आता तिच्या आईकडे, छबुबाईकडे होती. ऊसतोडीला निघालेलं प्रत्येक माणूस या रिकाम्या रेहलीला हात लावून म्हणायचं, "जागा ठिवा, येतो." गेलेल्या ग्रंथाची जागा राखली की गेलेल्या माणसाचीही राहते, अशी गावाची समजूत. दसऱ्यानंतर वनमालाचा भाऊ अंगदही असाच गेला होता. कोयत्याने अर्धी झालेली त्याची करंगळी त्या लाकडावर टेकलेली तिने पाहिली होती. तोडणी संपवून आज तो परत येणार होता.

वनमाला दर्ग्यात पोचली तेव्हा छबुबाई ऊद आणायला घरी गेली होती. तिला चकित करावं म्हणून वनमालाने पुस्तक हलकेच रेहलीवर ठेवलं.

जुन्या चामड्याचा वास दरवळला. कवडशातली धूळ तरंगता तरंगता थांबली, पारव्यांचं घुमणं दूरदूर गेलं. तिला इतकं बरं वाटलं की उभ्या उभ्याच डोळे मिटू लागले.

बाहेर ट्रक थांबला तेव्हा ती भानावर आली. फाटकाशी अंगद उतरत होता. ऊद घेऊन आलेली छबुबाई लगबगीने पुढे झाली. त्याने तिला परक्यासारखे हात जोडले.

"मावशी... हे कोणतं गाव म्हनायचं?"

पोरगं मुलखाचं थट्टेखोर, म्हणून वनमाला हसली. पण त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. गाव चुकलं म्हणत तो पुन्हा ट्रककडे वळला, तशी छबुबाईने त्याची बाही घट्ट धरली. आवाज न चढवता तिने लेकीला विचारलं, "रेहलीवर काय ठिवलंस, बाई?"

 वनमाला आत धावली. पुस्तक उचललं तर ते दगडासारखं जड आणि गार लागलं. उंबरा ओलांडेपर्यंत हातात पुन्हा नुसते पुठ्ठे होते.

अंगद फाटकाशीच बसला होता, आईच्या मांडीत डोकं खुपसून.

"माय... लई गार हुतं तिथं. चारीकडून काच. शेजारी ही मोठाली पांढरी अंडी..."

अंड्यांचं वनमालाने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाऊ परत मिळाला या सुखाने तिला रडू आवरेना. तो पाणी प्यायला, घरी चला म्हणाला. मायलेक पुढे चालू लागल्यावर तिने मोबाइल काढला आणि ते छायाचित्र उघडलं. पुस्तक आपल्या जागी होतं, अंडीही होती. कपाटाच्या काचेवर मात्र आतल्या बाजूने एका तळहाताचा ओलसर ठसा उमटला होता. त्याची करंगळी अर्धीच होती.