सुनील म्हणाला

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटावी म्हणून लिहीत नाही. लिहितोय कारण सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

आधीच सांगून टाकतो, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही. भर दुपारची गोष्ट आहे. गेल्या वर्षीचा मार्च महिना, गुरुवार, दुपारी पाऊण ते सव्वाची वेळ. गाव कळंब, मंचरच्या पुढं, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. घर माझं.

आणि घरात मी एकटाच.

मी सुनील. कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं लोक म्हणतात. खरं तर मी फक्त सांगायचो, दुरुस्त करायचा तो गोरख. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. जिने चढणं, टेबलाखाली शिरणं, गावोगाव फिरणं मला जमत नाही. गोरख खोडदचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो गाडीवरून सगळीकडं जायचा, मशीन उघडायचा आणि मला फोन लावायचा.

इंग्रजीशी त्याचं वाकडं होतं. त्यामुळं फोन स्पीकरवर टाकून तो स्क्रीनवरचं एकेक अक्षर वाचायचा.

"यस... ये... टी... ये... म्होरं मोड लिवलंय. काय करू रं?"

डिस्क कशा वाचायच्या ते ठरवणारा साटा मोड, हे ओळखून मी सांगायचो. तो आधी वहीत लिहायचा, मग करायचा. दोनशे पानी वही, निळं पेन, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात ठरलेली. 'सुनील म्हणाला, एफ दोन दाब.' 'सुनील म्हणाला, थांब जरा.' चौदा वर्षांत माझ्या होकाराशिवाय त्यानं एंटर दाबला नाही.

दर गुरुवारी दुपारी तो माझ्याकडं जेवायला असायचा. त्याच्या गाडीचा स्टँड ढिला होता. दारातल्या फरशीवर तो खर्रकन घासला की मी ताट घ्यायचो. गोरख फाटकातूनच ओरडायचा, "वाढ रं!"

आई गेल्यापासून माझ्या घरात ओरडणारा तेवढा एकच माणूस होता.

मग आमचं भांडण झालं.

कारण सांगायला लाज वाटते. नारायणगावच्या एका हॉटेलात चार गिऱ्हाइकांसमोर तो मस्करीत म्हणाला, "सुन्याचे पाय माझ्याकडं गहाण हायेत." सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. तीन आठवडे. तो दोनदा दारात येऊन गेला, मी कडी काढली नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, त्यातला प्रकार.

त्या गुरुवारी सकाळी मला वारूळवाडीहून फोन आला. तिथं द्राक्षांचं एक पॅकहाउस आहे. रात्री लाइट गेली होती, सकाळी त्यांचा सर्व्हर उठेना. चारही हार्डडिस्क दिसत नाहीत म्हणत होता आणि घड्याळ पंधरा वर्षं मागचं दाखवत होता.

मी ऐकताक्षणी ओळखलं, आतला सेल संपला. मशीन जागं होताना सगळ्यात आधी जे पान वाचतं, त्याला बायोस म्हणतात. सेल संपला की ते पान पुसलं जातं. त्या सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या आणि चौघी मिळून एकच आहेत, असं त्या पानावर लिहून ठेवावं लागतं. त्या सेटिंगला रेड म्हणतात. ते पुसून तिथं ए एच सी आय, म्हणजे सुट्या डिस्क, असं आलं, की चारही डिस्क जागेवर असतात, फिरत असतात, पण सर्व्हर त्यांना एकत्र ओळखत नाही. अशा वेळी 'जोडणी नवीन बनवू का' या प्रश्नाला 'हो' म्हटलं, तर दोन हंगामांच्या नोंदी साफ.

मी मॅनेजरला म्हणालो, "गोरखला बोलवा."

बाराच्या सुमारास मी भाकरी थापायला बसलो. चार थापल्या. दोन लागतात मला, पण गुरुवारच्या सवयीनं हात थांबला नाही.

जेवायला बसलो आणि फोन वाजला.

गोरख.

मी उचलला नाही.

फोन ताटाशेजारी थरथरत राहिला. घास तोंडातच होता. मी त्या फोनकडं बघून पुटपुटलो, "आधी सेल बदल, गाढवा."

रिंग बंद झाली. दोन मिनिटांनी परत.

"घड्याळ लाव."

परत.

"आता ए एच सी आय दिसेल. ते नको. रेड कर."

असं करत तो फोन अकरा वेळा वाजला. मध्ये काही वेळा मी नुसता बघत बसलो. "नवीन बनवू का विचारेल, नाही म्हण," असं एकदा म्हणालो. एकदा म्हणालो, "एफ दहा. सेव्ह." सगळं माझं मलाच. त्याला छळायचं होतं आणि काम आपल्याशिवाय अडतं हे त्याला कळू द्यायचं होतं. दोन्ही खरं आहे.

अकराव्या रिंगला मात्र माझा राग संपला. उरलेल्या दोन भाकरींकडं लक्ष गेलं. जेवायला ये, वाट बघतोय... एवढं अगदी घशापर्यंत आलं होतं. बोललो नाही. वरून तांब्याभर पाणी प्यालो.

त्यानंतर फोन वाजला नाही.

तीन वाजता गोरखच्या बायकोचा, साधनावहिनींचा, फोन आला. रडण्यातून शब्द कळेनात. महामार्गावर टेम्पोची धडक बसली होती. गोरख जागीच गेला होता.

कळंबच्या अलीकडं. माझ्या घरापासून चार मिनिटांवर.

दहाव्याला मी घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. गोरखचे वडील, चांगदेवतात्या, हात जोडून उभे राहिले. "पोरीचं शिक्षान करतो रं बाबा. साधनाला अंतर देत न्हाई. ये आता." कावळे हलले नाहीत. बहिणीचं नाव घेऊन झालं, अर्धवट बांधलेल्या पडवीचं नाव घेऊन झालं. ऊन चढायला लागलं.

मग कुणीतरी मागून म्हणालं, "पन वारूळवाडीतनं त्यो खोडदला जायचा सोडून कळंबच्या अंगाला कशाला गेला व्हता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

साधनावहिनी जवळ आल्या. "भावजी, तुमच्याकडं निघाले व्हते का ते? फोन केल्ता का त्यांनी?"

खिशातल्या मोबाइलमध्ये अकरा मिस्ड कॉल होते.

मी म्हणालो, "नाही वहिनी. आमचं बोलणंच नव्हतं."

बाभळीवरचे कावळे उडाले. सगळेच्या सगळे, एकदम. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले.

दीड महिन्यानं पॅकहाउसवाल्यांनी मला बोलावलं. सर्व्हर चालू होता, पण गोरख नाही म्हटल्यावर त्यांना धास्ती होती, सेटिंग एकदा नीट बघून द्या म्हणाले. पहिल्यांदाच मी स्वतः गेलो, माझ्या तीनचाकी स्कूटरवरून. हंगाम संपला होता. एवढं मोठं शेड रिकामं, कोपऱ्यात क्रेटची चळत, आणि वॉचमन सावळेरामबाबा. सर्व्हर एका बारक्या खोलीत होता. बाबांनी खुर्ची दिली आणि स्वतः क्रेटवर बसले.

मी मशीन बंद करून चालू केलं. डिलीट दाबत राहिलो. निळं पान उघडलं.

घड्याळ मिनिटाला बरोबर होतं. मोडसमोर रेड होतं. चारही डिस्क एकत्र दिसत होत्या. कुठं एक खूण चुकलेली नव्हती. मी केलं असतं, अगदी तसं...

गोरखला हे एकट्याला जमणं शक्य नव्हतं. मी बाबांना विचारलं, "त्या दिवशी दुसरं कुणी आलं होतं का बरोबर?"

"कोन येतंय?" बाबा म्हणाले. "तुमीच तर सांगत व्हता की फोनवर."

मी स्क्रीनवरून मान वळवली.

"सपिकरवर टाकला व्हता गोरखभाऊनं. मी इथंच बसलो व्हतो. धा-अकरा डाव लावला आसंल. येक बोललं की तुमी ठेवायचा. लई रागात व्हता राव तुमी."

"माझाच आवाज होता?"

"आता बोलताय त्योच."

मी म्हणालो, बाबा, तुम्हाला दुसरा कुणी वाटला असेल. म्हातारा हसला.

"आवं, तुमी जेवत व्हता. घास व्हता तोंडात, बोबडं येत व्हतं. गोरखभाऊ हसला बी. म्हनला, बगा बाबा, राग हाय पन भाकर सुटत नाय."

सर्व्हरचा पंखा घरघरत होता.

"आन शेवटाला गप झाला येकदम," बाबा म्हणाले. "डोळं पुसलं. म्हनला, बोलावलंय. च्या ठिवला व्हता, त्यो बी घेतला न्हाई. किक मारली आन ग्येला. वही सुदिक हितंच राह्यली."

त्यांनी सर्व्हरच्या मागून वही काढून दिली.

शेवटचं लिहिलेलं पान. निळं पेन. त्याचं वाकडं अक्षर.

सुनील म्हणाला, आधी सेल बदल.
सुनील म्हणाला, घड्याळ लाव.
सुनील म्हणाला, ए एच सी आय नको, रेड कर.
सुनील म्हणाला, नवीन बनवू का विचारलं तर नाही म्हण.
सुनील म्हणाला, एफ दहा, सेव्ह.

आणि खाली...

सुनील म्हणाला, जेवायला ये. वाट बघतोय.

पहिल्या पाच ओळी मी बोललो होतो. रिकाम्या घरात, न उचललेल्या फोनकडं बघून. त्या तिथं कशा पोचल्या, माहीत नाही.

सहावी तर मी बोललोच नव्हतो. पाण्याबरोबर गिळली होती. ती कुणी सांगितली त्याला?

बाबांना काही न बोलता मी वही घेऊन घरी आलो. साधनावहिनींना मी आजपर्यंत काहीही सांगितलेलं नाही. काय सांगू? की मी बोलावलं म्हणून तो त्या रस्त्याला लागला, आणि मी बोलावलंच नव्हतं?

वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढचा गुरुवार आला. सव्वा वाजले होते.

बाहेर... खर्रकन स्टँड घासला.

त्याची गाडी भंगारात गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तरी हात आपोआप ताटाकडं गेला. आता "वाढ रं" ऐकू येईल म्हणून मी श्वास धरून बसलो. ओरडणं आलं नाही. फाटकही वाजलं नाही. बऱ्याच वेळानं खिडकीतून पाहिलं. ऊन होतं, फरशी होती, एवढंच.

त्या दिवसापासून दर गुरुवारी हे होतं. येतो, थांबतो, आत येत नाही. मी दार उघडत नाही. शेजारच्या सखूबाईंना विचारलं, त्यांना काही ऐकू आलेलं नाही. "लगीन कर आता, येकटा किती दिस ऱ्हाशील," असं मात्र ऐकवलं.

गेल्या गुरुवारी मी धीर केला. काठी घेऊन दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला.

पलीकडून आवाज आला. अगदी हळू. एकेक अक्षर.

"यस... ये... टी... ये..."

मग थांबला. नेहमी थांबायचा, तसाच.

"काय करू रं?"

मला उत्तर माहीत होतं. चौदा वर्षं मी तेच तर करत आलो होतो. एक शब्द बोलायचा होता, नाहीतर नुसती कडी काढायची होती. गोरख, अरे माझ्या गोरख, माझं तोंडच उघडलं नाही. भीती होती का? होती. पण भीतीपेक्षा जास्त लाज होती. घाटावर खोटं बोललेल्या तोंडानं त्याला ये कसं म्हणू?

दाराबाहेर पान उलटल्याचा आवाज आला. मग कागदावर पेन चालल्याचा.

मी वळलो. कपाटाचं कुलूप काढलं. किल्ली माझ्याच गळ्यातल्या दोऱ्याला असते.

वहीत सहाव्या ओळीच्या खाली नव्या ओळी होत्या. जितके गुरुवार गेले, तितक्या. पानामागून पानं. सगळ्या सारख्याच. शेवटच्या ओळीची शाई बोटाला लागली.

सुनील म्हणाला,

पुढची जागा कोरी.

आज बुधवार आहे. रात्रीचं जेवण झालं, भांडी घासली, हे लिहायला बसलो. पिठाचा डबा काढून ओट्यावर ठेवलाय. उद्या दोन भाकरी थापायच्या की चार, तेवढं अजून ठरत नाही.