हळद्याचे चौदा फवारे

हळद्याने तोंड उघडलं आणि त्याच्या नाकपुडीतून एक बुडबुडा आला.

आबाजी घाबरून काचेशी वाकले. ऋजुताला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच रागही आला.

हळद्या म्हणजे झाडावर राहणाऱ्या अजगराचं सात महिन्यांचं पिल्लू. आत्ता हळदीसारखं पिवळंधमक, मोठेपणी हिरवं होणारं. सन २०६४च्या नागपुरात त्याचा थाट काय वर्णावा! काचेचं घर, उबेचा दिवा, आणि पाणी फवारायला, नोंदी ठेवायला मापारी नावाचा यंत्रमानव. ऋजुताचे आजोबा, म्हणजे आबाजी, सापांचे शास्त्रज्ञ. पूर्वी ती शाळेतून आली की ते तिला जवळ बसवून गोष्टी सांगत. आता त्यांचं सगळं लक्ष या उपटसुंभाकडे. ऋजुता नुसती जळत होती. इतकी, की त्याचे लाड मोजायला तिने एक चोरटी वही केली होती.

"तीन आठवडे झाले, काहून खात नाही बाप्पा हा?" आबाजी म्हणाले. "मापारी, फवारे किती मारतोस?"

"रोज दोन. आर्द्रता (हवेतली वाफ) योग्य. तापमान योग्य. कारण अज्ञात."

"मग छाती कशी भरली? सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही. श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतेच त्याला. चिकटा साचला, तर जीव जाईन याचा."

ऋजुताचा हात दप्तराकडे गेला आणि थांबला. वही दाखवली, तर आपण किती जळतो हे आबाजींना कळणार. तेवढ्यात हळद्याने श्वासासाठी पुन्हा मान वर ताणली. तिने वही पुढे केली.

'सोमवार. आबाजींनी बाटलीने फवारे मारले: चौदा. हळद्याला बाळा म्हणाले: अकरा वेळा. मला: शून्य.'

पानं उलटता उलटता आबाजींचं बोट फवाऱ्यांच्या आकड्यावर थांबलं.

"उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीवर जाता-येता पाणी मारायची सवय आपल्याले. तसाच याच्यावर मारून राहिलो होतो मी!"

"पण त्याच्या जंगलात सारखा पाऊस असतो ना?"

"पाऊस येते, मग वारा पान न् पान सुकवते. त्याला ओल लागते, तसं सुकणंही लागते. सतत ओल राहिली, की जंतूंचं फावते."

"मग मापारीला का नाही कळलं?" ऋजुताने काचेत डोकावून पाहिलं. मापारीची आर्द्रता मोजणारी चकती वर, झरोक्यापाशी, दिव्याच्या उबेत होती. तिथली हवा सगळ्यात आधी सुकायची. हळद्या बसायचा खालच्या फांदीवर. तिने बोट लावलं, तर फांदी बुळबुळीत. "आबाजी, हा मोजतोय वर आणि हळद्या राहतोय खाली!"

चकती खाली आली. झरोके उघडले. पशुवैद्यांनी औषध टोचलं. फवारल्यावर फांदी सुकेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, असं ठरलं, आणि बाटली ऋजुताच्या ताब्यात गेली.

"वहीतले बाकीचे रकाने खोडते मी," ती पुटपुटली.

"नको खोडू. तिथंही बिघाडच होता, माझ्या ध्यानात नाही आला," आबाजी म्हणाले.

बाराव्या दिवशी आबाजींची हाक आली, "बाळा, लवकर ये गं! खाल्लं त्यानं!"

ऋजुता धावली. हळद्याचा गळा फुगला होता, आणि मानेजवळचे दोन खवले चक्क हिरवे दिसत होते. तिने ते डोळे भरून पाहिले. मग वही उघडली, हळद्याच्या रकान्याकडे तिरका कटाक्ष टाकला, आणि स्वतःच्या रकान्यात एक ठसठशीत रेघ ओढली.