पुलावरचा मिसकॉल

फोन बदलायचा म्हणजे काही घर बदलायचं नसतं. दुकानात जायचं, नवा घ्यायचा, जुन्यातलं सिम काढून नव्यात घालायचं, झालं काम. डोकमर्डीच्या चाळीत राहणाऱ्या झिपरूला हे वर्षभर सगळ्यांनी सांगून झालं होतं, आणि वर्षभर तो "बघू पुढच्या सुट्टीला" म्हणत आला होता. हट्टी म्हणावा तर माणूस तसाही नव्हता. शहाद्याकडून सिल्वासाला येऊन बावीस वर्षं झालेली, सायली गावच्या सूत कारखान्यात कायम रात्रपाळी, शब्दाचा पक्का. पोरीने सांगितलं तर उभ्याचा आडवा होईल असा बाप. पण या एका गोष्टीला तो हात लावू देत नव्हता.

आता तो फोन तरी कसा होता, ऐका. सात वर्षांचा. काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. बॅटरी अशी फुगलेली की मागचं झाकण तव्यावरच्या भाकरीसारखं वर आलेलं, त्याला दोन रबरं लावलेली. पण काय इमानी यंत्र हो! एकदा वरणाच्या पातेल्यात पडला, एकदा चालत्या सायकलवरून राखोलीच्या रस्त्यावर आपटला, पुसला की पुन्हा सुरू. आजकालची माणसंसुद्धा इतकी टिकत नाहीत. त्याला एक क्रोशाची पिशवी होती, जांभळ्या-पिवळ्या सुताची, दोरी ओवलेली. झिपरूची बायको केसरबाई, तिने विणलेली.

केसरबाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती राखोलीच्या एका कारखान्यात बॉबिनवर तुटलेलं सूत जोडायच्या कामाला होती. असल्या कामाला शंभर बाया असतात, पण केसरबाईची गाठ ती केसरबाईचीच. सुपरवायझर नवीन पोरींना तिची बॉबिन हातात द्यायचे आणि म्हणायचे, शोध गाठ कुठे आहे ती. पोरी दिवसभर बोटं फिरवत बसायच्या. सापडायची नाही. स्वतः झिपरू बावीस वर्षं सुतातला माणूस, त्यालाही एकदाही सापडली नव्हती, आणि हे तो भेटेल त्याला मोठ्या अभिमानाने सांगायचा.

त्या बाईला जाऊन चौदा महिने झाले होते.

शेवटी झिपरूचं चाललं नाही. कारखान्याने येत्या एक तारखेपासून हजेरी फोनवर आणायचं ठरवलं. गेटवर उभं राहून फोनला तोंड दाखवायचं, फोनने ओळखलं तर हजर. झिपरूच्या फोनमध्ये ते ॲप शिरेचना. म्हणजे माणूस रात्रभर मशीनवर उभा राहणार आणि कागदावर गैरहजर लागणार. त्यात पोरगी सोनम रोज मागे लागलेली. ती एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते, तिथली भाषा तिच्या तोंडात बसलेली. "पप्पा, बॅटरी फुगली आहे. ये कभी भी फटेगा. तुमच्या उशाखाली असतो तो."

तेव्हा एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी बापलेक विकीच्या मोबाइलच्या दुकानात गेले. विकीने जुना फोन दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर नेला, पण तो हसला नाही. इतका जुना फोन अजून चालतो म्हणून त्याला खरंच कौतुक वाटलं. मग मात्र त्याने निक्षून सांगितलं, काका, याला आता चार्जरला लावू नका, आहे तेवढं संपू द्या आणि मला आणून द्या, मी नीट विल्हेवाट लावतो. त्याने सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, नावं, नंबर, फोटो सगळं नव्यात उतरवलं. झिपरूने नवा फोन जांभळ्या-पिवळ्या पिशवीत घालून पाहिला. बसेना. दोन बोटं वर राहत होता. त्याने तो बाहेर काढला आणि पिशवी पुन्हा जुन्यालाच घातली.

घरी येताना चाळ चिडीचूप होती. रात्रपाळीवाल्यांच्या चाळीत दुपार हीच रात्र असते, बरं का. खिडक्यांना चादरी लावलेल्या, दारं लोटलेली, चपला दाराबाहेर जोडीने झोपलेल्या. कुणी खोकलं तरी तीन खोल्यांपलीकडे ऐकू जातं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी तेवढी धपधपत असते, आणि तिचीही सगळ्यांना सवय झालेली. झिपरू लोखंडी जिना चढला. सातवी पायरी सैल आहे, तिच्यावर पाय पडला की खणकन वाजते. सोनमच्या पायाने ती वाजली आणि झिपरू दचकला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता त्याला कसली धास्ती होती, ते सांगतो.

नवराबायकोची एक रीत होती. केसरबाईची पाळी तीनला सुटायची. सव्वातीनला ती चालत दमणगंगेच्या पुलावर यायची आणि तिथून झिपरूला एक रिंग द्यायची. एकच. झिपरूने उठायचं आणि फोन कट करायचा. कट केला म्हणजे उठलो. मग ती पुढे निघायची, नाक्यापर्यंत रिक्षा, नाक्यापासून गिरणीवरून चालत, आणि ती जिना चढेपर्यंत इकडे चहा उकळलेला. फोन फुकट झाले तरी तिने ही रीत सोडली नाही. म्हणायची, फुकट आहे म्हणून रस्त्यात बडबड करायची का? सुट्टीला घरी असली की पायाचा अंगठा ओढून उठवायची, पण पुलावरून रिंगच. आणि एक ठरलेलं होतं: दुसरी रिंग आली तर उचलायचा. काहीतरी अडलं असेल तरच दुसरी रिंग.

सहा वर्षांत दुसरी रिंग कधी आली नाही. एका दुपारी आली. झिपरू तोंड धुऊन चहा मांडत होता. पहिली रिंग त्याने कट केलेली होती. दुसरी आली तेव्हा त्याला वाटलं, बाई गंमत करते आहे. "अगं उठलो ना," असं स्वतःशीच हसत म्हणाला आणि तीही कट केली.

केसरबाई पुलाच्या कठड्याला टेकून बसलेली सापडली. फोन हातात. छातीत कळ आली होती, असं डॉक्टर म्हणाले. आधी कुणी पोचलं असतं तर, असंही म्हणाले. दुसरी रिंग आली होती हे झिपरूने कुणालाच सांगितलं नाही. सोनमलाही नाही. तो दगड त्याने एकट्याने छातीवर ठेवला.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सव्वातीनला फोन वाजला. तडा गेलेल्या काचेवर नाव होतं, केसर. एकच रिंग.

तिचा नंबर तोवर बंद झाला होता, तिचा फोन पेटीत बंद पडलेला होता. झिपरूला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभराने घाम फुटायचा थांबला. वर्षभरात अशी वेळ आली की त्या एका रिंगेसाठीच तो झोपायचा आणि तिच्यासाठीच उठायचा. कट करायला मात्र त्याचं बोट धजायचं नाही. त्या बोटाने एकदा जे केलं ते केलं. वाजायचं ते वाजून थांबायचं. मग तो दोन कप चहा मांडायचा.

आता सांगा, असला फोन माणूस कसा बदलेल?

खोलीत आल्यावर त्याने नवा फोन खाटेवर ठेवला, जुना पिशवीसकट खिडकीशी खिळ्याला अडकवला आणि समोर बसला. सोनम कपडे घडी घालत होती. सव्वातीन झाले. नवा फोन गप्प. तीन सोळा. तीन सतरा. झिपरूचा चेहरा असा उतरला की सोनमने हातातलं टाकलं. काय झालं, पप्पा, काय होतंय, म्हणून ती जवळ आली आणि त्याचा बांध फुटला. पुलावरची रिंग, दुसरी रिंग, कट केलेली, सगळं त्याने पोरीला सांगून टाकलं. सोनम त्याचा हात धरून बसली.

आणि खिळ्यावरची पिशवी हलली.

जुना फोन वाजत होता. सिम नसलेला. एक रिंग झाली आणि थांबली. खोलीत ओल्या शेवाळाचा वास आला, पावसाळ्यानंतर नदीकाठी येतो तसा. दोघंही जागचे हलले नाहीत.

मग दुसरी रिंग आली.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा. झिपरूने सोनमकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण पोर आईवर गेलेली. "उचला, पप्पा," ती हळूच म्हणाली. "या वेळी उचला…"

फोन चटका बसेल इतका तापला होता. झिपरूने हिरवं बटण दाबलं. आधी नुसता वारा. मग टेम्पोचा हॉर्न, पुलावर वाजतो तसा घुमणारा. मग खूप लांबून, दम लागलेल्या माणसाचा आवाज.

"उठलात का…?"

"उठलो," झिपरू म्हणाला. "केसर, त्या दिवशी मी…"

"असू द्या… निघते मी."

फोन बंद पडला तो कायमचाच. काच काळी झाली, झाकण रबरांतून सुटून खाली पडलं.

त्या रात्री सोनम दिवा लावून बसली. तिने विचारलं ते खरं तर दोघांच्याही मनात होतं. आई निघाली म्हणजे कुठे निघाली?

शुक्रवारी सव्वातीनला नवा फोन वाजला. नाव केसर. झिपरूने पहिल्याच रिंगेला उचलला. ती काही बोलली नाही. पण मागे नाक्यावरचा गलबला ऐकू आला, वापीला जाणाऱ्या बसचा कंडक्टर ओरडत होता. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग कट.

शनिवारी गिरणी. फोनमध्ये धपधप, आणि खिडकीबाहेरही तीच धपधप, एकाच ठेक्यात. झिपरूच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीही. वाहवा रे बाई! पुलावर बसली तरी रीत सोडली नाही, चौदा महिने नवरा उठायची वाट पाहिली, आणि निघाली तर आपल्याच वाटेने, एक टप्पा न चुकता. असं तो त्या रात्री मशीनवर उभ्या उभ्या कितीदा मनात म्हणाला असेल, आणि दर वेळी त्याचे पाय गार पडले. कारण मेलेलं माणूस घरी येतं तेव्हा पुढे काय होतं, हे काही कुणी सांगून ठेवलेलं नाही.

रविवारी सोनम घरीच होती. सव्वातीनच्या आधी तिने बापाचा दंड धरला.

"आई आहे ती, मला कळतं… पण येऊ द्यायचं का, पप्पा?"

"तिचं घर आहे," झिपरू म्हणाला.

फोन वाजला. उचलला. पावलं ऐकू येत होती, लोखंडावर पडणारी, सावकाश. चार… पाच… सहा… फोनमध्ये सातवी पायरी खणकन वाजली. आणि लगेच, दाराबाहेर, खरीखुरी वाजली.

झिपरूने दार उघडलं. जिना रिकामा. ऊन नुसतं पसरलेलं. सगळी चाळ झोपलेली. फक्त शेवाळाचा वास त्याच्या अंगावरून आत गेला.

सोमवारी एक तारीख. सकाळी झिपरू पाळीवरून सुटला तेव्हा त्याने गेटवर फोनला तोंड दाखवलं, हजेरी लागली, आणि घरी येऊन फोन उशाशी ठेवून तो झोपला. सोनम ऑफिसला गेली होती, दाराला आतून कडी होती. दुपारी त्याला जाग आली ती फोनने नाही. कुणीतरी पायाचा अंगठा ओढला.

तो उठून बसला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. फोन काही वाजला नाही. घरी पोचलेलं माणूस फोन कशाला करील?

त्याने उशाशी हात घातला आणि हाताला सूत लागलं. नवा फोन जांभळ्या-पिवळ्या पिशवीत होता. पूर्ण आत, दोरी ओढलेली. पिशवीच्या तोंडाशी दोन बोटं नवं विणकाम होतं, गडद हिरव्या सुताचं. ते सूत झिपरूने लगेच ओळखलं. गेल्या आठवड्यातच त्याच्या मशीनवर लागलं होतं, त्याचा धागासुद्धा अजून कारखान्याबाहेर गेलेला नव्हता. आणि सोनमला तर क्रोशाची सुई कशी धरतात तेही माहीत नाही.

खिडकीवरची चादर बाजूला करून तो उजेडात बसला. पिवळं सूत जिथे संपतं आणि हिरवं सुरू होतं, तिथे त्याने नखाने, बोटाच्या पेराने, मग गालाला लावून पाहिलं. जोड तर असायलाच हवा. बावीस वर्षं सुतातला माणूस, गिरणी थांबेपर्यंत शोधत बसला.

गाठ काही सापडली नाही.