सत्तरला अडणारी गाडी

बसा इथेच, वीज यायला अजून वेळ आहे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कुणाचा लांबचा मावसमामा नाही, आपल्याच ओळीत कोपऱ्यातल्या गाळ्यात बसतो. तुम्ही सगळे त्याला कानसेन म्हणता. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगणारा माणूस. भुतांवर त्याचा विश्वास नाही, आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर तर त्याहून नाही.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी कानसेन गॅरेजमधून निघाला. काम साधंच होतं. धाकट्या बहिणीचा नवरा डायलिसिसला गेला होता. शेजाऱ्याने दोघांना तिथे सोडलं होतं, परत आणायचं कानसेनने कबूल केलं होतं. दवाखाना चाळीस किलोमीटरवर. आणि गाडी बहिणीचीच, जी तीन आठवडे याच्या गाळ्यात सारखी येऊन-जाऊन होती.

या गाडीने त्याच्या नाकी नऊ आणले होते. जुनं इंजिन जाम झालं, म्हणून त्याने भंगारवाल्याकडून दुसरं आणून बसवलं. सोबत त्याच गाडीचा कॉम्प्युटर आणि वायरिंगही घेतलं, कारण हे एकमेकांशिवाय चालत नाहीत. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. उभ्या गाडीत घड्याळासारखं चाले. चढावर ओढे. पण हायवेला सत्तरचा वेग धरून निवांत चाललात, की ठसका. भुक्... भुक्... आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी अडायची.

बहीण आठवड्यातून तीनदा नवऱ्याला मागच्या सीटवर झोपवून एकटी गाडी चालवायची. मागे ट्रक, आणि सत्तरला गाडी अशी गचके खायची. ती बिचारी रडकुंडीला आली.

कानसेनने प्लग बदलले, कॉइल बदलल्या. फिल्टर, पेट्रोलचा पंप, पंपाची नळी, सगळं नवं. अर्थिंगची वायर जाडजूड टाकली. हवा कुठून चोरून आत जाते का, म्हणून धूर सोडून एकेक सांधा पाहिला. सेन्सर तर इतके बदलले की दुकानदार त्याला पाहून आपणहून खोकं काढायला लागला. फरक शून्य. आणि याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे, बहीण चालवत असताना हा शेजारी बसला की गाडी लोण्यासारखी पळायची. वीस वेळा नेली, वीस वेळा काही नाही. उतरून घरी गेला की तासाभरात फोन. "दादा, परत झालं."

शेवटी तो तिच्यावरच घसरला. "तुझा पाय नीट राहत नाही. मध्येच उचलतेस, मध्येच दाबतेस. गाडी बिघडलेली नाही, चालवणारी बिघडलीय."

ती नुसती चावी टेबलावर ठेवून गेली.

त्याच संध्याकाळी कानसेन एकटा गाडी घेऊन गेला आणि सत्तरला... भुक्. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तोंड कसं दाखवणार, हेच कळेना. मग त्याने ओळखलं की दोघं पुढे असले की बरं, एकटा असला की त्रास. वजनाचा दोष असेल म्हणून डाव्या सीटवर वाळूचं पोतं ठेवून पाहिलं. तरी ठसका. पोतं उचलून गाळ्याबाहेर असं भिरकावलं, की फुटून रस्ताभर वाळू झाली. आठवतंय ना, तुम्हीच झाडत होतात.

तर त्या बुधवारी तो एकटाच निघाला. कॉम्प्युटर वाचणारं यंत्र त्याने डॅशबोर्डवर बांधलं होतं. गाडी अडेल त्या क्षणी इंजिनाला काय सांगितलं जातंय, ते त्याला बघायचं होतं.

पावणेअकरा. रस्ता मोकळा. सत्तर.

भुक्.

त्याने यंत्राकडे पाहिलं. एका ओळीत लिहिलं होतं, ब्रेक दाबलेला.

"च्यायला," तो म्हणाला. एवढंच होतं होय! ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले, तर ही इंजिनं पेट्रोल तोडतात. म्हणजे ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवणारं पेडलमागचं बटण खोटं बोलतंय. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला हसू आलं. घाई नको म्हणून त्याने पुन्हा सत्तर धरली आणि सहज आरशात पाहिलं.

मागचा रस्ता लाल झाला होता. ब्रेकचे दिवे लागले होते. आणि गाडीचं नाक खाली वाकत होतं, खरा ब्रेक लागल्यावर वाकतं तसं.

त्याचा पाय ब्रेकजवळही नव्हता.

त्याने गाडी कडेला घेतली. खाली वाकून टॉर्च मारला. पेडल जागेवर. बटण ठीक. चाकाला हात लावला, तर डिस्क चटका बसेल इतकी तापलेली. मग त्याने भंगारवाल्याला फोन लावला. आपल्या धंद्यात इंजिन कुणाचं, असं विचारायची पद्धत नाही. चालतं का, एवढंच विचारतात. त्या रात्री त्याने विचारलं.

"ते इंजिन कशातलं रे?"

"आत्ता? झोपलो होतो मी."

"सांग."

भंगारवाल्याने घसा खाकरला. "गाडी शिकवायच्या क्लासची होती ती. डावीकडेही ब्रेक असतो ना, शिकवणाऱ्यासाठी... तसली."

"मग?"

"शिकणाऱ्याने घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. सत्तरच्या वर. मास्तरांनी त्यांचा ब्रेक मारला, पण तार तुटलेली होती. शिकणारा वाचला. मास्तर..." त्याने आवाज खाली आणला. "पाय पेडलवरून सोडवताना फार त्रास झाला म्हणे. शेवटपर्यंत दाबून धरला होता."

कानसेनने फोन ठेवला. डाव्या सीटकडे पाहिलं. रिकामी होती. मग उरलेला रस्ता तो पन्नासने गेला आणि मान एकदाही डावीकडे वळवली नाही.

साडेअकराला दोघं बाहेर वाट बघत उभे होते. मेहुण्याला मागे झोपवलं. बहीण मागेच बसायला निघाली, तसा हा जवळजवळ ओरडला, "पुढे बस!"

"ओरडतोस कशाला? बसते." ती पुढे बसली. जरा वेळाने म्हणाली, "कळलं का काय बिघडलंय ते? का अजून माझाच पाय?"

"नाही गं. तुझी चूक नव्हती. उगाच बोललो मी तुला. मला फार वाईट वाटतंय."

तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. दादाने चूक कबूल केली, हे बहुधा ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. सत्तर. ऐंशी. गाडी पाण्यासारखी जात होती.

बारा किलोमीटर झाले असतील, तेव्हा मागून मेहुण्याचा आवाज आला. "अगं... हात ओला लागतोय."

तिने दिवा लावला. डायलिसिसची सुई टोचलेल्या जागेची पट्टी सुटली होती. शर्टाची बाही, सीट, सगळं रक्ताने भिजलेलं. ते रक्त साधंसुधं नसतं, धारेने येतं. कानसेनने गाडी थांबवली. ती पुढून उतरून मागे धावली आणि दोन्ही अंगठ्यांनी जागा दाबून धरली. "दादा, परत फिर! मी हात काढू शकत नाही. लवकर!"

त्याने गाडी वळवली. दवाखान्याला फोन लावला. ते म्हणाले, गाडी पाठवायला पाऊण तास, तुम्हीच या.

पुढची डावी सीट आता रिकामी होती.

पन्नास. साठ. पासष्ट.

सत्तर.

भुक्.

आरशात रस्ता लाल. गाडीचं नाक खाली. पन्नासवर आली.

"दादा, काय करतोयस?"

त्याने पुन्हा पाय दाबला. सत्तर... भुक्. पन्नास. मागे मेहुण्याचं बोलणं थांबलं होतं. बहीण त्याला हाका मारत होती. तो ओ देत नव्हता.

कानसेनला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवडे! सगळं बदललं, सगळं! स्टिअरिंगवर मूठ आपटून त्याने डावीकडे तोंड केलं. पहिल्यांदाच.

"मास्तर!"

मागे बहिणीने चमकून वर पाहिलं.

"मास्तर, मी शिकाऊ नाही. तीस वर्षं चालवतोय. मागे माझ्या बहिणीचा नवरा आहे. मला माझा पाय कुठे आहे ते कळतं. तुम्ही... तुम्ही सोडा आता. सोडा."

काही नाही.

नुसता टायरचा आवाज.

मग... डावी सीट हलकेच कुरकुरली. कुणी मागे टेकून बसावं, तशी.

सत्तर.

पंचाहत्तर.

नव्वद.

आरशात रस्ता काळा होता.

मेहुणा वाचला. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. गाडी त्यानंतर कधी अडली नाही. बहीण आजही तीच चालवते, एकटी, सत्तरने, ऐंशीने. मास्तर कोण, हे तिने दादाला एकदाच विचारलं. त्याने सांगितलं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन गाडी धुवायला बसला. मागचं रक्त धुतलं. मग डाव्या बाजूचं जाड रबरी मॅट बाहेर ओढलं आणि तसंच हातात धरून माझ्या गाळ्यात घेऊन आला. त्यावर दोन बुटांचे ठसे होते. मळाचे नव्हे. रबरात रुतलेले, नखभर खोल. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, गरम पाण्यात टाकून पाहिलं, ते भरून आले नाहीत. बहिणीच्या पायात त्या रात्री चपला होत्या.

एक ठसा पुढे, जिथे क्लासच्या गाडीत मास्तरांचा ब्रेक असायचा तिथे, असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. दोन्ही पाय मागे घेतलेले. सीटला लागून. शेजारी शेजारी.